सात नंबरच्या खांबाखाली

खांब नंबर सात हलत होता.

शाल्मलीनं आकडे तिसऱ्यांदा तपासले. सकाळी सहाला खांबाची जी उंची होती, ती दुपारी बाराला तीन सेंटिमीटरनं वाढली होती. काल आणि परवाही तसंच. वाढायची, पुन्हा कमी व्हायची, पुन्हा वाढायची.

बर्फात घट्ट रोवलेला लोखंडी खांब असा वर-खाली कसा होईल?

साल होतं २०५९. बारा वर्षांची शाल्मली टिपणीस हर्णैहून थेट अंटार्क्टिकात आली होती, आजोबांबरोबर. डॉ. यशवंत टिपणीस हे हिमशास्त्रज्ञ (बर्फाचा अभ्यास करणारे वैज्ञानिक). त्यांच्या उन्हाळी तळावर दरवर्षी एका विद्यार्थ्याला जागा असे. बर्फाची उंची मोजणारी यंत्रं बसवलेल्या बारा खांबांचे आकडे वहीत उतरवायचे, हे तिचं काम. एरवी ते कंटाळवाणं होतं.

"आजोबा, सात नंबर बघा. मला वाटतं, त्याला भरती-ओहोटी लागलीय."

आजोबांनी चष्मा वर सरकवला आणि वही हातात घेतली. तिन्ही दिवसांच्या आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"बंदरात होडी कधी वर येते?" त्यांनी विचारलं.

"भरतीला."

"आणि धक्का?"

"धक्का कशाला वर येईल? तो खाली खडकावर बांधलेला असतो."

"मग सात नंबर गेल्या वर्षी धक्का होता. या वर्षी होडी झालाय."

शाल्मलीच्या अंगावर काटा आला. म्हणजे खांब ज्या बर्फात उभा होता, तो बर्फ आता खडकावर टेकलेला नव्हता. त्याखाली समुद्र शिरला होता.

इथली हिमफळी (जमिनीवरून उतरून समुद्रावर पसरलेला बर्फाचा जाडजूड थर) महाराष्ट्राच्या एखाद्या तालुक्याएवढी होती. पूर्वेला, सात नंबरच्या खांबाखाली, ती पाण्याखालच्या एका खडकावर टेकली होती. आजोबा सांगत, घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात ना, तसा हा खडक. दगड निघाला की ट्रक घसरणार. खडक सुटला की बर्फ वेगानं समुद्राकडे सरकणार आणि त्याला भेगा पडणार.

नेमक्या त्याच पूर्व भागावर एक मोठी धावपट्टी बांधायचा प्रस्ताव होता. वर्दळ वाढेल म्हणून आजोबांना ती इथं कुठेच नको होती. निर्णय आजच होता, दुपारी चारला, हजारो किलोमीटर दूर चाललेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत.

आजोबांनी तिथल्या भारताच्या प्रतिनिधीला फोन लावला. पडद्यावर वसुधा केळुसकर दिसल्या.

"सर, मला दिल्लीहून होकार द्यायच्या सूचना आहेत," त्या म्हणाल्या. "धावपट्टीचा आपल्यालाही फायदा आहे. गेल्या वर्षी तुमच्या तळावरच्या आचाऱ्याला अपेंडिक्सचं दुखणं झालं, तेव्हा विमान उतरायला जागा नव्हती. तो थोडक्यात वाचला."

"मी विसरलो नाही. पण तिथला बर्फ सुटतोय."

"पुरावा काय?"

"एका खांबाचे तीन दिवसांचे आकडे."

केळुसकरांनी नकारार्थी मान हलवली. "यंत्र बिघडलंय, असं कुणीही म्हणेल सर. एका खांबावर मी देशाचं धोरण बदला म्हणून सांगू शकत नाही. साडेतीनपर्यंत काही ठोस मिळालं, तर मी दिल्लीशी बोलेन."

फोन बंद झाला. पावणेएक वाजत होता.

"आजोबा, ही जमीन आपली नाही ना? मग आपल्याला का विचारतात?"

"ती कुणाचीच म्हणून चालवायची, असं ठरलंय," आजोबा अंगात जाड कोट चढवत म्हणाले. "काही देशांनी पूर्वी इथल्या जमिनीवर दावे सांगितले होते. मग सगळ्यांनी मिळून केलेल्या करारानं ते गोठवले. नंतर आलेल्या देशांना एकच अट होती. इथं येऊन खरंखुरं संशोधन करून दाखवा, मग निर्णयाच्या टेबलाशी बसा. आपल्याला तिथली खुर्ची संशोधनामुळे मिळालीय. शिवाय तिथं सर्वसंमती लागते (म्हणजे एकाचाही विरोध नसेल तरच ठराव होतो). पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. का नाही, ते दाखवावं लागतं."

बर्फातल्या विवरापाशी मरळ तयार होता. मरळ हा पाण्याखाली पोहणारा रोबो, माणसाएवढा लांब. आजोबांनी तो सहा वर्षं खपून बांधला होता. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात लवकर विरून जातात, म्हणून त्याच्या शेपटीतून केसासारखा बारीक काचतंतू सुटत जाई. त्यातून त्याची माहिती वर येई. पण त्या तंतूनं मरळला ओढून आणणं शक्य नव्हतं.

विवरापासून सातवा खांब अकराशे मीटरवर होता. मरळनं बुडी मारली. विवराशेजारच्या तंबूतल्या पडद्यावर फक्त आकडे सरकत होते. तीनशे मीटर. पाचशे. आठशे.

"समोरून प्रवाह आहे," मरळचा सपाट आवाज आला. "अपेक्षेपेक्षा जोरदार. बॅटरी चौतीस टक्के. परतीला पंचवीस लागतील. पुढे जाऊन मोजमाप करायला पंधरा लागतील. सूचना द्या."

शाल्मलीनं मनात बेरीज केली. चाळीस. पुढे गेला तर मरळ परत येणार नव्हता.

आजोबांनी मान वळवून वेळ पाहिली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"उद्या बॅटरी भरून पुन्हा पाठवता येईल ना?" शाल्मलीनं विचारलं.

"उद्या ठराव झालेला असेल." त्यांनी माइक जवळ ओढला. "मरळ, पुढे जा."

"पुढे जात आहे," मरळ म्हणाला.

शाल्मलीला रडू फुटेल असं वाटलं. ती पडद्याकडेच बघत राहिली. हजार मीटर. अकराशे. मग आकडे उमटू लागले. बर्फ आणि खडक यांच्यातली फट : दोन मीटर दहा सेंटिमीटर. पाण्याचं तापमान : शून्याच्या वर अर्धा अंश.

"अर्धाच अंश? हे तर गारच आहे."

"आपल्याला गार. समुद्राचं पाणी खारट, त्यात एवढ्या खोलीवर प्रचंड दाब. तिथं बर्फ उणे दोन अंशांच्याही खाली वितळू लागतो. त्या बर्फाच्या दृष्टीनं हे पाणी कढत आहे. बर्फ वरून पांढरा, सपाट दिसतो, उपग्रहालाही तसाच दिसतो, आणि खालून तो झिजतोय."

तीन वाजायच्या सुमाराला मरळची बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अहवाल लिहायला बसले.

शाल्मली शेजारी उभी राहून वाचत होती. शेवटचा परिच्छेद वाचून ती गोंधळली. सोमवारी मरळ पश्चिमेच्या बाजूला जाऊन आला होता. तिथं पाणी थंड होतं आणि बर्फ खडकावर घट्ट बसला होता. आजोबांनी तेही लिहिलं होतं.

"आजोबा, हे वाचून ते म्हणतील, मग धावपट्टी पश्चिमेला बांधा. तुम्हाला तर इथं धावपट्टीच नकोय."

"नकोच आहे."

"मग ते लिहायलाच हवं का? त्यांनी कुठं विचारलंय?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "मला काय हवंय हे सांगायला मरळला खाली पाठवला नव्हता, शालू. सोयीचं तेवढं सांगितलं आणि उद्या ते उघडं पडलं, तर पुढच्या वेळी आपलं खरंही कुणी ऐकणार नाही. त्या खुर्चीला मग काय अर्थ?"

तीन पंचवीसला अहवाल गेला.

त्यानंतर काहीच घडेना. चार वाजले, साडेचार, पाच. तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. आजोबांनी केलेला चहा दोघांच्याही पेल्यांत निवून गेला. शाल्मलीच्या मनात एकच विचार घोळत होता. मरळ गेला आणि तरीही ठराव झाला तर?

सव्वापाचला केळुसकरांचा चेहरा दिसला. त्या थकल्या होत्या.

"दिल्लीनं सूचना बदलल्या, अगदी शेवटच्या दहा मिनिटांत. मी पूर्वेकडच्या धावपट्टीला संमती नाकारली. ज्या देशानं प्रस्ताव आणला होता, त्यांचे वैज्ञानिक अहवालावर तुटून पडले. पण पश्चिमेचा परिच्छेद वाचला आणि त्यांचा सूर बदलला. त्यांच्या प्रमुख बाई म्हणाल्या, ज्यांनी स्वतःच्या विरोधातलंही लिहिलंय, त्यांचे बाकीचे आकडे मी मानते. पूर्वेचा प्रस्ताव मागे घेतलाय. पश्चिमेला दोन वर्षं सगळ्यांनी मिळून मोजमाप करायचं. तोवर एक खिळाही ठोकायचा नाही."

"आणि दोन वर्षांनी?" आजोबांनी विचारलं.

"बर्फ भक्कम निघाला तर कदाचित धावपट्टी होईल, सर. दुखणाइतांसाठी तरी."

आजोबांनी हळूच मान हलवली. "तसं निघालं तर तसं लिहू."

तीन दिवसांनी शेजारच्या तळावरून दोन बर्फगाड्या बर्फाचा भुगा उडवत आल्या. प्रस्ताव आणणाऱ्या देशाचीच माणसं होती ती, छिद्रयंत्र आणि तापमापकांच्या पेट्या घेऊन. पहिल्या गाडीतून एक उंच अभियंता बाई उतरल्या. कानातल्या भाषांतर यंत्रातून त्यांचं बोलणं मराठीत ऐकू आलं.

"पश्चिमेचा नकाशा कुणाकडे आहे? पहिलं छिद्र कुठे पाडायचं?"

आजोबांनी शाल्मलीकडे बोट दाखवलं. तिनं हातमोजे घट्ट केले, नकाशा गाडीच्या टपावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून एक कोपरा त्या बाईंच्या हातात धरायला दिला.