तळहातावर उतरलेला उजेड

दार उघडले, तेव्हा बाहेरचा माणूस नखशिखान्त भिजलेला होता आणि त्याच्या हातातले खोके मात्र कोरडे होते. आपला रेनकोट त्याने खोक्याला घातला होता.

"नेहमीचे ओकुमुरा-सान नाही आले?" चिझुरूने विचारले.

"त्यांची कंबर धरलीय. मी कुवाबारा, त्यांच्याऐवजी." तो वाकला, तसे केसांतले पाणी उंबरठ्यावर ठिबकले.

"अहो, तुम्ही केवढे भिजलात..."

"मी वाळेन. अ‍ॅम्प्लिफायर वाळत नाही."

मात्सुएच्या तलावाकाठी आइकावा बापलेकीचे हे छोटेसे कॅफे होते. येथे माणसे कॉफी घेऊन संगीत ऐकत. बोलण्यास मनाई होती. त्या शिस्तीत वाढल्यामुळे चिझुरू सुट्टीच्या सोमवारीही कुजबुजल्यासारखेच बोले आणि ऐकणाऱ्याला तिच्याकडे थोडे झुकावे लागे. कुवाबारा झुकला... जरुरीपेक्षा किंचित जास्तच.

वडिलांच्या संग्रहातील गाणी यापुढे डिजिटल प्लेअरवरून वाजणार होती. कुवाबाराने आधी जागा पाहिली, मग वीज, मग एकेक जोडणी. हा क्रम त्याने कोठेही मोडला नाही. ऑप्टिकल केबलच्या टोकावरची तांदळाच्या दाण्याएवढी पारदर्शक टोपी काढून त्याने ड्रॉवरमध्ये टाकली आणि प्लेअर सुरू केला. पण ते टोक अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याऐवजी तो म्हणाला,

"हात पुढे करा."

"कशाला?"

"घाबरू नका, शॉक बसत नाही."

तिच्या तळहातावर लाल उजेडाचा एक थेंब अलगद उतरला.

"हे काय?"

"गाणं. या केबलमधून आवाज उजेड होऊन जातो. आत्ता तुमच्या हातावर एक बाई गातेय."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"मलाही नाही," तो हसला, "पण दिसतंय छान."

तो तळहाताकडे पाहत नव्हता.

काम संपल्यावर कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून तो सहज म्हणाला, "साप्पोरोच्या शाखेत बोलावलंय मला. कायमचं. परवा संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय."

"तिकडे बर्फ फार..."

"हो."

"आवडतो तुम्हाला?"

"तसा विचारच केला नव्हता," तो म्हणाला. "आजपर्यंत."

बुधवारी सकाळी कॅफेतून फोन गेला — आवाज बंद पडला आहे. कुवाबारा आला. जागा, वीज, जोडण्या... ऑप्टिकल केबलपाशी त्याचा हात थांबला. चिमटीत ती इवलीशी टोपी होती.

"आइकावा-सान, ही मी स्वतः काढली होती."

"परत बसली असेल."

"आपोआप?"

"तलावाची दमट हवा... काय सांगावं!" चिझुरूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

एवढ्यात जिन्यावरून तिच्या वडिलांचा आवाज आला. "काय हो, बिघाड मोठा आहे का?"

कुवाबाराने टोपी मुठीत दडवली. "मोठा आहे. संध्याकाळ होईल."

"मग जेवूनच जा. शिंपल्यांचं सूप केलंय. आणि काय गं चिझुरू, काल ड्रॉवर उपसून काय शोधत होतीस, ते सापडलं का?"

"बाबा!"

त्या खोलीत ती इतक्या मोठ्याने कधीच बोलली नव्हती.

दुपारभर तलावावर पाऊस झिमझिमत राहिला. संध्याकाळपर्यंत पुरेल असे एकच काम उरले होते, स्पीकर पुन्हा नीट लावण्याचे. दोन्हींपासूनचे अंतर टेपने मोजून, सारखे करून कुवाबाराने मध्ये खुर्ची ठेवली.

"बसा. गाणारी कुठे उभी आहे, सांगा."

तिने डोळे मिटले. "समोर... अगदी मधोमध. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

"मग बरोबर लागलंय."

"आणि तुम्हाला? तिथून?"

"इथून ती उजव्या स्पीकरात अडकल्यासारखी वाटते. बरोबर जागा एकाचीच असते."

"एकाचीच?"

"एकाचीच."

चिझुरू उठली. कोपऱ्यातली दुसरी खुर्ची तिने उचलून आणली आणि पहिलीला चिकटवून ठेवली.

"दोघांसाठी लावा."

"मग इतकं अचूक नाही राहणार. दोघांनाही थोडं थोडं सोडावं लागतं..."

"मी सोडीन," ती म्हणाली. या वेळी तो झुकला नव्हता, तरी त्याला स्पष्ट ऐकू आले. "तुम्ही?"

गुडघे टेकून तो स्पीकर आत वळवू लागला — डावा उजव्या खुर्चीकडे, उजवा डावीकडे, दोन्हींच्या दिशा खुर्च्यांच्या पुढेच एकमेकींना छेदतील इतके. खिशातला फोन वाजला. चिझुरू खिडकीबाहेर पाहू लागली.

"कुवाबारा बोलतोय... हो, ठरलं. माझं साप्पोरोला येणं होणार नाही... माफ करा." पलीकडून कारण विचारले गेले. "नाही, नाही — कारण तांत्रिक नाही."

फोन ठेवून तो डावीकडच्या खुर्चीत बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"चिझुरू," त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली, "बस ना."