टाकव्याच्या उतारावरची गणती

हसा, खुशाल हसा. मीही तेव्हा हसलोच होतो. माझ्याइतका शहाणा माणूस अख्ख्या मावळात नाही, अशी माझी पक्की समजूत होती त्या वयात. तो कंदील तेवढा जरा बाजूला सरकवा, डोळ्यांवर येतोय.

एकसष्ट सालचा श्रावण. मी रस्त्यांच्या खात्यात नवाकोरा ओव्हरसियर. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, देहूरोडच्या डेपोत माणसं लागत होती. वाड्यावस्त्यांतला माणूस सकाळची गाडी कशी गाठेल, याचे नकाशे वरच्या कचेरीत रंगत होते. पूल कुठे द्यायचा याचा नियम सोपा होता. दिवसाला दोनशे माणसं नदी ओलांडून येत असतील तर पूल मिळेल, एक जरी कमी भरलं तर नाही. मला टाकव्याच्या पुढच्या उतारावर धाडलं. उतार म्हणजे नदीतून चालत यायची जागा. पलीकडे ठाकरवाडी आणि दोन वस्त्या, अलीकडे बाजाराची वाट. सहा ते सहा बसायचं आणि अलीकडे येणारं माणूस दिसलं की कागदावर रेघ ओढायची. काम म्हणाल तर एवढंच.

वाडीवाले लबाडी करणार, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं. अलीकडच्याच झाडीत लपतील, पाय भिजवतील आणि नदी ओलांडल्याचा आव आणून माझ्यासमोर येतील, म्हटलं. म्हणून आमचा शिपाई दत्तोबा याला मी पलीकडच्या काठावर बसवला. त्याला लिहिता येत नसे. त्याला एक पिशवीभर चिंचोके आणि एक रिकामा डबा दिला. माणूस पाण्यात उतरलं की एक चिंचोका डब्यात टाकायचा. संध्याकाळी माझ्या रेघा आणि त्याचे चिंचोके जुळले पाहिजेत. या युक्तीवर मी स्वतःच खूश होतो.

वाडीतर्फे सावळा माझ्या शेजारी येऊन बसला. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस.

"गेल्या सरावनात माझी बायकू बाया हितंच गेली, साहेब," तो म्हणाला. "अंगसुदिक घावलं न्हाई. आता पोरगी गंगी रोज गवताचा भारा घिऊन ह्याच पान्यातनं येती. ती घरी येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. पूल द्या. दुसरं कायबी नको मला."

गंगी सकाळीच येऊन गेली होती. विशीतली असेल, तोंडाची भारी फटकळ. "माझ्या दोन रेघा वडा साहेब, डोईवर भारा बी हाय माझ्या!" म्हणाली आणि हसत बाजाराकडे गेली. मला ती पोरगी आवडली. मनात आलं, हिच्यासाठी तरी दोनशे भरू देत.

पण भरेनात. दुपारी तीनपर्यंत एकशे एकोणचाळीस रेघा झाल्या आणि वाट ओस पडली. मग डोंगरावरून धुकं खाली आलं. लोणावळ्याला हौशी लोक गाडी करून बघायला जातात तसलं नव्हे हो. दहा हातांवरचं उंबराचं झाड गेलं, मग नदीही गेली, नुसता पाण्याचा आवाज उरला. कुजक्या पाल्याचा वास सुटला. सावळा बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होता. अजून एकसष्ट माणसं हवी होती.

तेवढ्यात पाणी कापल्याचा आवाज आला. धुक्यातून एक म्हातारा वर आला, त्याच्यामागे दोन बाया, मग कडेवर पोर घेतलेला एक बाप्या. मी हरखून पेन्सिल उचलली. म्हातारा माझ्यासमोर थांबला.

"माझं धरलं का?"

"धरलं, आबा, धरलं. चला पुढे."

मागची बाईही थांबली. तिनेही तेच विचारलं, तिच्यामागच्याने तेच. प्रत्येक जण थांबे, विचारे, आणि मी हो म्हटल्यावरच पुढे सरके. मला वाटलं, वाडीने पढवून पाठवलंय सगळ्यांना. त्या दिवशी उताराला पाणी गुडघ्याएवढं होतं. ही माणसं मात्र केसांपर्यंत निथळत होती. मला दिसत होतं ते. पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यात अंतर असतं, आणि माझं सगळं ध्यान रेघांवर.

शेजारी पाहिलं तर सावळा गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. अंग थडथडत होतं. ताप भरला असेल म्हणून मी विचारलं नाही.

शेवटी एक बाई आली. कपाळावर गोंदण. एका हातात बांगड्या, दुसरा हात मोकळा. ती माझ्याकडे बघतच नव्हती, सावळ्याकडे बघत होती.

"माझं धरलं का?"

"साहेब... नका धरू..." सावळा मान वर न करता पुटपुटला. "हिला तरी नका..."

"काय रे वेडा की काय? धरलं, बाई. तुमचंही धरलं."

ती गेली. मी बेरीज केली. दोनशे आठ! मी सावळ्याच्या पाठीवर थाप मारली, तर तो रडत होता.

सहाला दत्तोबा नदी उतरून आला. आम्ही चिंचोके ओतले, दोनदा मोजले. एकशे एकोणचाळीस.

"झोपला होतास का रे?" मी ओरडलो.

"बिडी वडली, साहेब, पर धुकं पडल्यावर वाटंच्या मधीच बसलो व्हतो, नजर हलवली न्हाई. तीनच्या म्होरं त्या काठानं पान्यात कुनीबी उतरलं न्हाई. आईच्यान!"

मी सावळ्याकडे वळलो. "मग ही झाडीतली सोंगं तुझीच ना?"

"न्हाई साहेब. ती शेवटची... माझी बाया व्हती." तो म्हणाला. "ह्या पान्यानं नेल्याली मानसं हायती ती. आमच्यात बुडाल्यालं मानूस कायबी इचारू दे, व्हय म्हनत न्हाईत. व्हय म्हनलं की वाट त्येची झाली. तुमी तर समद्यांना म्हनलात. खोडा त्या रेघा."

"आणि पूल? गंगीचं काय?"

त्याने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "खोडा," एवढंच म्हणाला.

मीही घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण मी खोडलं नाही. अडाण्यांच्या भीतीपायी पूल कशाला घालवायचा, म्हटलं. वर आकडा धाडला दोनशे आठ. मला वाटलं, मी उपकार करतोय!

चौसष्टला पूल झाला. दगडी, सुरेख. पलीकडच्या एकाही माणसाने त्यावर पाऊल टाकलं नाही. मी स्वतः जाऊन गंगीला हात जोडले. "मोकळा हाय व्हय त्यो, साहेब?" ती म्हणाली. या खेपेला ती हसली नाही. खालून पाण्यातूनच गेली. सहासष्टच्या पुरात तिला पाण्याने नेलं, पुलाच्या अगदी खाली. सावळा मला भेटायला आला नाही. उरलेली वाडी घेऊन तो देहूरोडला निघून गेला, मागोमाग दोन्ही वस्त्याही उठल्या. पलीकडे आता चूलसुद्धा पेटत नाही. दोष माझा आहे, हे मी कधी नाकारलं नाही.

इथवर सारं मी कसंबसं पचवलं होतं. पण एकाहत्तरच्या मे महिन्यात आमच्याकडे नवा आलेला ओव्हरसियर बाजीराव माझ्या टेबलाशी आला. त्या भागाची नवी गणती त्याने केली होती आणि शिफारशीवर माझी सही हवी होती. पूल रुंद करायचा, म्हणे.

"रुंद? कोणासाठी?"

"काय वर्दळ आहे साहेब तिकडे! थवेच्या थवे. गवतवाली एक पोरगी तर दिवसातून चारदा जाते-येते. मला एक कळलं नाही. या उन्हाळ्यात सगळा मावळ वाळून कोळ झालाय, एक हिरवी काडी नाही कुठे. तिचा भारा मात्र रोज हिरवागार असतो. आणि पाणी गळत असतं त्यातून..."