दार लावून केलेला अभ्यास

"ताई, हलू नकोस गं जरा," धाकटी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि ताईनं पांघरुणाखाली मूठ आणखी घट्ट आवळली...

मनगटांवर आणि घोट्यावर इलेक्ट्रोडच्या थंडगार चिकट पट्ट्या, त्यांच्या तारा लॅपटॉपला. शांत पडलेल्या माणसाच्या हृदयाची स्वच्छ रेघ उद्या विद्यापीठात दाखवली नाही, तर धाकटीची वर्षभराची मेहनत पाण्यात! आणि पडद्यावर ठोक्यांच्या जागी नुसतं गवत माजलेलं. फिल्टर लावूनही हटेना. माजू दे, ताईच्या मनात आलं. वैद्यकीय उपकरणांच्या याच शाखेत आधी प्रवेश मिळाला होता तो ताईला! पण वडील अंथरुणाला खिळले, औषधांच्या दुकानाचं शटर उघडायला कुणीतरी हवं होतं, आणि थोरलेपण तेवढं तिच्याच कपाळी! त्यागाची चार लोक वाहवा करतात, पण वाहवेनं का मत्सराची आग विझते? त्यात महाराणी घरी आल्या की स्वयंपाकघराचं दार लावून अभ्यास करणार... जणू ताईची नजर लागली तर विद्या आटून जाईल!

धाकटीनं तारा तपासल्या, पट्ट्या बदलल्या. मग हळूच म्हणाली की हा बिघाड नाही, स्नायूंचा गोंगाट आहे. मूठ आवळली की येतो.

ताई ताडकन उठून बसली.

"हो, मुद्दाम केलं. जळते मी तुझ्यावर. रोज जळते. हे सगळं माझं होतं गं..." आणि तिला हुंदका आवरेना.

धाकटीनं नव्या पट्ट्या स्वतःच्या अंगाला लावल्या, लॅपटॉप ताईच्या मांडीवर ठेवला आणि अभ्यासाचं पुस्तक उघडून तिच्यासमोर बसली. पडद्यावरची रेघ थरथरू लागली... ताईच्या रेघेपेक्षाही वाईट!

"तू कशाला मूठ आवळतेस?" ताई चक्रावून म्हणाली.

"नाही आवळत. हात कापतात माझे. तुझ्यासमोर हे पुस्तक उघडलं की असंच होतं, ताई. तुझी जागा चोरल्यासारखं वाटतं. म्हणून दार लावते."

इतकी वर्षं ज्याला ताई शिष्टपणा समजत आली, ती या पोरीच्या काळजातली बोच होती! तिनं धाकटीला जवळ ओढलं, स्वतःचे डोळे पुसले आणि पुस्तक दोघींच्या मध्ये ठेवलं.

"वेडाबाई... रेघ काय, मघाशी नाही आली तर आता येईल. आधी हे पान मला समजाव."

धाकटी रडत, अडखळत वाचू लागली. दुसऱ्याच ओळीला ताईनं तिला थांबवून शंका विचारली.