अर्धा तास पुढं

आदिनाथ गेला आणि प्रेमलाच्या वाट्याला दोन म्हशी, एक सासू आणि एक मोटारसायकल आली. जाफराबादच्या डेअरीत वेळेत दूध घालायचं, तर गाडी शिकणं भाग होतं. शिकली ती. "विधवा बाई अन् फटफटीवर!" म्हणून गावानं नाकं मुरडली. मुरडेनात का! गाव काय तिच्या म्हशींना ढेप घालणार होतं?

खटकायचं ते एकच. गाडीच्या मीटरमधलं घड्याळ अर्धा तास पुढं होतं. आदिनाथनं मुद्दाम तसं लावलेलं. "घड्याळ पुढं असलं की मानूस घरी जल्दी येतं," म्हणायचा. यायचा मात्र उशिराच, मेला. तरी त्या एका वाक्यावर प्रेमलानं सगळा संसार काढला होता.

डेअरीत उशीर नको म्हणून तिनं ते घड्याळ मोबाइलशी जुळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास पुढं. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच.

"बॅटरी बराबर हाय, भाभी," निजामोद्दीन मिस्त्री म्हणाला. "बिघाड असता तर टाइम पुसूनच गेला असता. हे कोनीतरी बटन दाबून लावून राह्यलं. अन् चावी लावल्याबिगर ते बटन बिलकुल चालत न्हाई."

चावी तर रात्रंदिवस तिच्या कमरेला होती.

मग ती पहाटे गाडी निरखू लागली. लावली तशीच अंगणात उभी असायची. पण हेडलाइटच्या काचेवर पाकोळ्या चिकटलेल्या. रात्री तर ती गाडी काढतच नव्हती. एकदा तिनं सायलेन्सरला हात लावून पाहिला. कोमट होता.

सासूला सांगितलं. सुगंधाबाईचा गोवऱ्या थापणारा हात थांबला.

"येत असंल गं," ती म्हणाली. "घराची वढ लई वाईट."

प्रेमलानं भ्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. जिवंतपणी नाही, तर नाही. आता तरी घरी येतोय ना! तिनं घड्याळाला हात लावणं सोडलं. ओट्यावर ताट झाकून ठेवू लागली. ताटातच हात धुवायची त्याची घाण खोड. त्यावरून ती किती कावायची. आता म्हणाली, धू बाबा, खुशाल धू.

सकाळी ताट उघडलं, की भाकरी तशीच, वाळून कडक झालेली.

एके दिवशी डेअरीवरून परतताना फाट्याजवळ इंडिकेटर आपोआप लुकलुकायला लागला. तिचं गाव उजवीकडं. इंडिकेटर डावा.

बटण दाबलं, बंद होईना. हँडल जड झालं. ओळखीच्या दावणीकडं बैल वळावा तशी गाडी डावीकडं वळली.

कच्चा रस्ता. दोन्ही अंगांना कपाशी. पुढं पत्र्याचं एक घर. तिथं दारात जाऊन गाडी बंद पडली.

आत भांडं वाजलं. बाईचा आवाज आला, लाडात आलेला.

"आज दिवसाच आले व्हय?"

पदराला हात पुसत ती दारात आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. प्रेमलाला पाहिलं आणि हसू तोंडावरच विरलं. नजर मात्र प्रेमलाच्या मागं, गाडीच्या सीटवर कुणाला तरी शोधत राहिली.

प्रेमला दाराशी गेली. तिनं आत पाहिलं.

जमिनीवर जेवून उठलेलं ताट होतं. ताटात हात धुतल्याचं पाणी.

त्याच्या वर, भिंतीवर, घड्याळ चाललं होतं. प्रेमलानं कमरेचा मोबाइल काढून पाहिला. मग गाडीच्या मीटरकडं पाहिलं.

गाडीची आणि भिंतीवरची वेळ एकच होती.