न मोडणारा अँटेना

मी बसवलेला अँटेना मोडून माझ्याच दुकानात परत आला की माझं डोकं फिरतं. राग असतो स्वतःवर, पण ऐकून घ्यावं लागतं गिऱ्हाइकाला. शहागंजात घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. वडील ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे. मी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि वायरलेस सेट विकते, बसवते. मंजुषाताई तोंडानं फटकळ आहे पण काम चोख, असं बाजारात म्हणतात. दोन्ही खरं आहे.

कडूबा डिसेंबरच्या सुरुवातीला आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गोणपाटाची लांब वळकटी होती. ती बघूनच मला कळलं.

"ताई, पुन्ना मोडला," तो म्हणाला.

"दोन महिन्यांत दुसरा. तू काय त्यावर वाळवण घालतोस का रे?"

तो हसला नाही. वळकटी काउंटरवर ठेवून उभा राहिला.

कडूबा सोयगावच्या पुढचा, अजिंठ्याच्या डोंगराच्या अगदी पायथ्याला त्याची वस्ती. धाकटा भाऊ बिभीषण आणि त्याची बायको रत्नमाला सव्वाशे मेंढरं घेऊन दसऱ्यापासून वर पठारावर तळ टाकून होते. वर मोबाईलला रेंज नाही. म्हणून मी त्यांना सीबी रेडिओ, म्हणजे बटण दाबून बोलायचा वायरलेस, दिला होता. पाच वॅटपर्यंत परवाना लागत नाही, दगडखाणीवाले आणि टँकरवाले माझ्याकडून नेतातच. घरात एक मोठा सेट, स्लॅबवर त्याचा अँटेना, आणि बिभीषणाकडं हातात धरायचा छोटा सेट. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघा भावांनी बोलायचं, एवढाच त्याचा उपयोग.

आणि तो उपयोग आता जिवावरचा होता. रत्नमालेला आठवा महिना लागला होता. कळप एकट्या माणसाला आवरत नाही, म्हणून ती वरच होती. नववा लागला की तिला खाली आणायचं ठरलं होतं, आणि त्याआधी काही झालं तर रेडिओवर सांगायचं, मग कडूबा जीप घेऊन जमेल तिथपर्यंत जाणार आणि पुढं झोळी करून तिला उतरवणार.

मी गोणपाट सोडलं. पहिला मोडला तो साधा ॲल्युमिनियमचा होता, पातळ नळीचा, त्याचं खापर मी माझ्याच माथ्यावर फोडून घेतलं होतं. पण हा फायबरचा होता. वादळात वाऱ्यानं मोडला तर बुडाशी मोडतो, आणि फायबर मोडतो तो उसाच्या कांड्यासारखा, काडकन. हा बरोबर मध्यावर वाकला होता. आतले तंतू एकेक करून लांब ओढले गेले होते. कुणीतरी खूप वेळ घेऊन, सावकाश वाकवत नेला असावा असा.

"वानरांचं काम आहे," मी म्हणाले.

"वानरं आमच्याकडं उन्हाळ्याबिगर उतरत नायत, ताई. अन् वारा बी नव्हता. पयला बी असाच वाकला व्हता. डोंगराकडं तोंड करून."

"दोन्ही एकाच दिशेला वाकले म्हणजे वाराच होता. तू झोपला असशील."

मला उत्तर सापडत नसलं की मी अशी बोलते. पण काम मी मनावर घेतलं. बाजारात टिकाऊ म्हणून जे खपतं त्यातलं निम्मं रंगाचं कौतुक असतं. मी जाड भिंतीच्या नळ्या निवडल्या, प्रत्येक नळी पुढच्या नळीत वीतभर आत जाणारी, दर सांध्याला स्टीलच्या दोन दोन पट्ट्या. एकूण उंची वीस फूट. खाली दीड इंची लोखंडी पाइप आणि चार बाजूंनी ताणाच्या तारा. कामात कसर नको म्हणून बसवायला मी स्वतः गेले. हा मोडला तर दुकानाची पाटी उतरवीन, असंही कडूबाला वाटेत सिल्लोडला चहा पिताना सांगून टाकलं.

वस्ती म्हणजे चार घरं. कडूबाचं दोन खोल्यांचं, स्लॅबचं. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची गंजी, आणि घरामागं लगेच डोंगर उभा. त्याची आई बानाबाई उन्हाला बसून चातीवर लोकर कातत होती. मी दिवसभर स्लॅबवर सांधे आवळले, तारा ताणल्या. खाली उतरले तेव्हा म्हातारीनं वर न बघताच विचारलं, "आता नाय का मोडायचा ह्यो?"

"नाही मोडणार, आजी."

"मोडत व्हता तर मोडू द्यायचा की. मोडला की ह्यो पोरगा वर जाऊन डोळ्यानं बघून येत व्हता."

"उद्या पायात काटा मोडला तर त्यालाही चांगलंच म्हणाल तुम्ही," मी म्हणाले. म्हातारीनं पुन्हा चाती फिरवली.

पाच वाजता कडूबानं सेट लावला. बिभीषणाचा आवाज आला, मागं मेंढरांचा गलका, घंटी, वारा. मग रत्नमाला बोलली. "भावजी, पोटातलं लई लाथा मारतंय. तुमच्यावर गेलंय." आम्ही सगळे हसलो. मलाही बरं वाटलं. बोलणं संपलं, खरखर उरली.

मग काटा उचलला.

समोरून कुणी बटण दाबलं की सेटवरचा काटा उचलतो. जितका माणूस जवळ, तितका जास्त. काटा उचलला तो सरळ शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. खरखर बंद पडली. बोललं कुणीच नाही. एवढा काटा टेकवायचा तर माणूस अंगणातच पाहिजे. मी दारातून बघितलं. अंगणात बानाबाई होती आणि दोन कोंबड्या.

मला असल्या लोकांची चीड आहे. कुणीतरी ट्रकवाला मोठा सेट लावून मजा बघत असणार. मी माइक घेतला. "कोण आहेस? लाज नाही वाटत? बाजूला हो."

काटा लगेच पडला.

"ऐकलं बघ," मी म्हणाले.

कडूबा काट्याकडंच बघत होता. "ताई, ह्ये असं झालं की दोन दिसांत अँटेना मोडतो. दोन्ही बारीला तसंच झालं."

"आता नाही मोडत. आणि दर वेळी डोंगर चढायची तुझी कटकट संपली. काम बघ आपलं."

हे माझे शब्द. मी ते बदलून सांगत नाही.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. मी एका खाणवाल्याचा सेट उघडून बसले होते.

"ताई, अँटेना हाय तसा हाय. आवाज बी लई साफ येतो."

"मग फोन कशाला केलास?"

"बिभीषण रोज बोलतो. पर मागं मेंढरं ऐकू येत नायत. वारा बी नाय."

"चांगला अँटेना लावला की फालतू आवाज कमी होतात. त्यासाठीच लावतात." हे अर्धंच खरं होतं, मला माहीत होतं. पण मला काम होतं.

"रत्नमालाला दे म्हटलं, तर निजली म्हणतो. रोजच निजली म्हणतो. मी म्हटलं, येऊ का वर? तर म्हणाला, सगळं ठीक हाय दादा, वर येऊ नको."

"आठव्या महिन्यात बाई निजणार नाही तर काय करणार? भाऊ स्वतः सांगतोय ना ठीक आहे म्हणून?"

"व्हय. आवाज तर त्याचाच हाय," कडूबा म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर सहा दिवसांनी पुन्हा त्याचाच फोन. "ताई, ह्ये सगळं काढून न्या." कारण विचारलं तर सांगेना. मी पान्हे घेतले आणि निघाले.

अंगणात एक दाढी वाढलेला माणूस उकिडवा बसला होता. चेहरा कडूबाचाच, पण दहा वर्षांनी लहान. तो बिभीषण. त्यानं मला छोटा सेट दिला आणि जे झालं ते सांगितलं, खाली मान घालून, एका दमात.

मी अँटेना बसवून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सेट पाण्याच्या झिऱ्यात पडला. पुन्हा चालू झाला नाही. बिभीषणानं काळजी केली नाही. "म्हटलं, आपला आवाज नाय गेला की दादा येतोच वर. अँटेना मोडला तवा दोन्ही बारीला आलाच व्हता की." अँटेना बसवल्याच्या चौथ्या दिवशी रत्नमालेला कळा सुरू झाल्या. कळप सोडून तिला एकट्यानं उतरवणं जमण्यासारखं नव्हतं. दोघं वाट बघत राहिली. दुसऱ्या रात्री ती बाळंत झाली. मुलगी. पहाटेपर्यंत रडत होती. सकाळी त्यानं तिला तिथंच दगडांखाली ठेवलं, तीन-चार दिवसांनी बायको हलवण्याजोगी झाली तेव्हा मेंढरं वाऱ्यावर सोडली आणि बायकोला पाठुंगळी घेऊन उतरला.

"अन् मी तवा खाली बसून तुझ्याशी बोलत व्हतो," कडूबा त्याला म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "मग माझ्याशी कोण बोलत व्हतं, ताई? तुमाला ह्यातलं कळतंय. सांगा."

मी छोटा सेट उघडला. आत गाळ होता. बॅटरीची टोकं हिरवी पडली होती, सर्किटची पट्टी काळी. दहा-बारा दिवस तरी तो मेलेलाच होता. मी सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, कारण मला कुठंतरी चूक सापडायला हवी होती. सापडली नाही. त्या दिवशी मी फोनवर दोन शब्द नीट बोलले असते, जा बघून ये म्हणाले असते, तर ती पोर आज घरात असती.

मी स्लॅबवर गेले. अँटेना सरळसोट उभा होता. एक सांधा ढिला नाही, एक तार सैल नाही. मी पान्हा लावला. पट्टी हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, अंगठा सोलला. मग खाली येऊन केबलच कापायचं ठरवलं.

आत बाजेवर रत्नमाला भिंतीकडं तोंड करून पडली होती. बानाबाई तिच्या पायाशी. कडूबा आणि बिभीषण दोघंही दाराशी उभे. पाच वाजले होते.

सेट कुणी लावला ते मला माहीत नाही. दिवा लागला होता.

"दादा," सेटमधून आवाज आला. "सगळं ठीक हाय."

मी बिभीषणाकडं बघितलं. त्याचं तोंड बंद होतं.

"वर येऊ नको."

रत्नमाला वळली.

मग काटा शेवटच्या खुणेला टेकला, आणि त्या पेटीत एक तान्हं मूल रडायला लागलं. बारीक, दमलेलं, थांबून थांबून.

मी पक्कड घेतली आणि केबल कापली. प्लग उपटला. दिवा विझला, काटा पडला.

रडणं थांबलं नाही.

ते आता पेटीत नव्हतं. घरामागं होतं, डोंगराच्या बाजूला, भिंतीपासून पाच-सहा हातांवर.

बानाबाई उठली आणि तिनं दाराला कडी घातली.

रत्नमाला भिंतीला धरत उठली. कडी काढून तिनं दार सताड उघडं केलं, चुलीत दोन पऱ्हाट्या सरकवल्या, आणि अंगावर पिणाऱ्या पोराला न्हाऊ घालायला लागतं तेवढं पाणी तापत ठेवलं.