याकूबचाचांना लागू पडलेलं औषध

मिरजेच्या इस्पितळात आबा आणि याकूबचाचा एकाच खोलीत होते. दुखणंही एकच, प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या अक्रोडाएवढ्या ग्रंथीचा) कर्करोग. औषधही दोघांना एकाच दिवशी सुरू झालं. आता याकूबचाचा घरी जायला पिशवी भरत होते आणि आबांना उशीला टेकून बसायलाही शाल्मलीचा आधार लागत होता.

"आबा, औषधांची अदलाबदल तर झाली नसेल?" तिने हळूच विचारलं.

आबा म्हणजे डॉ. वामन खरात. ज्वारीच्या जनुकांवर त्यांनी जन्मभर संशोधन केलं होतं. नातीचा कुठलाही प्रश्न त्यांनी कधी हसण्यावारी नेला नव्हता.

"नाही गं. तो पडदा सुरू कर."

पडद्यावर दोन चित्रं उमटली. शरीरात सोडलेले तिळाएवढे कॅमेरे दोघांच्या गाठी आतून दाखवत होते. चाचांच्या गाठीत गोल, चपळ पेशींची झुंबड उडाली होती. आबांच्या गाठीत तशाच पेशी कडेला थबकल्या होत्या.

"या टी पेशी (शरीराच्या पहारेकरी). परकं दिसलं की त्याला मारतात. औषध त्यांचा फक्त लगाम सोडतं. पण परकं काही दिसलंच नाही, तर लगाम सोडून काय उपयोग?"

"मग चाचांच्या गाठीत काय दिसलं त्यांना?"

"चुका. पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची (पेशीने काय बनवायचं ते सांगणाऱ्या लांबलचक रेणूची) नक्कल होते. नकलेत चुका राहतात आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिनंही पेशीत असतात. चाचांच्या गाठीत ती दुरुस्तीच बंद पडलीय. त्यातूनच त्यांना कर्करोग झाला. पण चुका साचत गेल्या, पेशी भलतीसलती प्रथिनं बनवू लागल्या आणि पहारेकऱ्यांनी त्यांना ओळखलं."

"आणि तुमच्या?"

"माझ्या गाठीत ती दुरुस्ती चालू आहे. बहुतेकांच्या गाठी अशाच असतात. चुका थोड्या, म्हणून पहारेकऱ्यांना गाठ आपलीच वाटते."

शाल्मलीने बराच वेळ विचार केला. "मग तुमच्या गाठीतली दुरुस्ती बंद पाडायची."

आबा तिच्याकडे बघत राहिले. "पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तेच करून बघतायत. बाकीच्या शरीराला धक्का न लावता ते करणं अवघड आहे. माझ्यापर्यंत वेळेत पोचणार नाही ते, बाळा."

तिने त्यांचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

याकूबचाचा निरोप घ्यायला आले. आपण बरे झालो याचीच त्यांना लाज वाटत होती. "डॉक्टरसाहेब, तुम्हाला असं सोडून पाय निघत नाही."

"निघा. आणि शमीमची रक्ततपासणी करून घ्या. तुमच्या या बिघाडाचं मूळ जन्मापासूनचं आहे. लेकीकडेही गेलं असेल."

चाचा पलंगावर बसले. "म्हणजे पोरीला मीच हे दिलं."

"तुम्ही दिलं नाहीत, ते आपोआप गेलं. आणि गेलंच असेल, तर तिला ते आजार व्हायच्या आधी कळेल. तुम्हाला ती सोय नव्हती."

चाचांनी मान हलवली, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच आठवड्यात आबांनी आपल्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त पुण्याला पाठवायला सांगितलं. पुढच्या महिन्यात ते गेले.

वर्षभराने त्या प्रयोगशाळेतल्या संशोधक निशिगंधा लाड यांनी शाल्मलीला बोलावून घेतलं. काचेच्या बशीत आबांच्या गाठीच्या पेशी अजून वाढत होत्या. त्यांच्यातली दुरुस्ती बंद पाडून कित्येक महिने झाले होते आणि चुका साचल्या होत्या. बशीत आबांच्याच रक्तातून काढून जपून ठेवलेल्या टी पेशी सोडल्या आणि दोघी पडद्यासमोर बसल्या.

या वेळी पहारेकरी कडेला थांबले नाहीत. ते आत शिरले. गाठीच्या पेशी एकेक करून फुटू लागल्या.

"माणसांना हे कधी देता येईल?" शाल्मलीने विचारलं.

"अजून काही वर्षं लागतील. पण आता वाट दिसतेय."

शाल्मलीला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण आबांचं जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं, आणि तेही आता तिच्या डोळ्यांदेखत संपत होतं.

निशिगंधाताईंनी तिचा चेहरा पाहिला. "बंद करू का पडदा?"

"नको," शाल्मली म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी पुढे ओढली. "शेवटपर्यंत बघायचंय मला."