बोटुकल्यांनी निवडलेला काठ

साहेब, तुम्ही तलाव पाहिलाच नाही! गाडीची काच अर्धी खाली केली, रस्त्याकडच्या काठाला एकच जाळं टाकायला लावलं, ते रिकामं आलं आणि लिहून मोकळे झालात, की ढिवर मासेमारांच्या संस्थेनं सोडलेली बोटुकली, ती बोटाएवढी पिलं, इथं टिकत नाहीत. ढिवरांकडून तलाव काढून घ्यावा. दोन वर्षं छातीभर पाण्यात उभं राहून पाणी नासवणाऱ्या बेशरमीची झुडपं उपटणाऱ्या, पलीकडच्या काठाला पाणगवत लावणाऱ्या बारा बायका तुम्हाला दिसल्या नाहीत.

खाली उतरला तो तुमच्या मत्स्य खात्याचा कंत्राटी मदतनीस, मासोळीचं शिकलेला, तिरोड्याचा रत्नपाल. उतरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला.

"हालू नका जी, अजून फसाल," पाण्यातून आवाज आला. त्या बारा जणींतली सर्वांत लहान, प्रेमिला.

"मग काढ ना."

"मी काऊन काढू? तुमच्या सायबाले सांगा!"

पण हात पुढे केला तिनंच… आणि तो बाहेर आल्यावर सोडायचा मात्र राहून गेला.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल एकटाच आला. तुमच्या शेवटच्या निकालाला आठ दिवस होते.

"पिलं इथंच असतील," तो म्हणाला. "आधी वास घेतात, मग घर निवडतात. बेशरमीच्या पाण्याकडं ती जायचीच नाहीत."

"मासोळीले नाक राहते?"

"राहते ना. तुझ्यासारखंच, जरासं वर केलेलं."

प्रेमिलानं त्याच्या तोंडावर ओंजळभर पाणी फेकलं. मग हसू दाबत विचारलं, "दाखवता येते का हे, सायबाले?"

तिच्या बाबांचा एक जुना डोंगा, लाकूड कोरून केलेली होडी, काठावर पडून होता, मधोमध भोक पडलेला. दोघांनी भोकावर मच्छरदानीचा तुकडा ठोकला. एका टोकाला रस्त्याकडच्या बेशरमीच्या काठचं पाणी भरलेलं मडकं, दुसऱ्या टोकाला पाणगवतातलं. दोन्हींची धार मधल्या भोकाकडं वाहणार, आणि मधे संस्थेच्या टाकीत उरलेली बोटुकली.

बोटुकली सोडली. क्षणभर घुटमळली… आणि सगळीच्या सगळी बेशरमीकडं पळाली!

रत्नपालचा चेहरा उतरला. प्रेमिला मडक्यांकडं वळली. तलाव गेला म्हणजे बारा घरांची चूल गेली. तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं.

"पाणगवताचं मडकं कोणं भरलं?"

"मी."

तिनं त्याचं मनगट धरलं, तळवा नाकाशी नेला… आणि खदखदून हसली.

"सेंटाचा साबण! नवरदेव बनून मासोळ्या पाहाले आलते का?"

"मासोळ्यांसाठी नाही लावला," तो हळूच म्हणाला.

ती काठाशी वाकली. तलावातला ओला चिखल घेऊन त्याचे हात चोळत बसली, बोट बोट सुटं करून. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी चोळणं थांबेना.

आठव्या दिवशी तुम्ही आलात, साहेब. डोंग्याभोवती अख्खा गाव. मडकी प्रेमिलानं भरली. बोटुकली वळली, थबकली… आणि सळ्‌कन पाणगवताच्या धारेकडं! टोकं बदलली, तरी तिकडंच. नवं पाणी आणलं, तरी तिकडंच!

"आता तिकडच्या काठाले टाका जाळं," प्रेमिला म्हणाली.

जाळं वर आलं ते चांदीसारखं फडफडत. बायकांनी असा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले. तलाव संस्थेकडंच राहील, हे तुम्हाला तिथंच, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहावं लागलं. जाताना राग काढलात तो रत्नपालवर. "उद्यापासून येऊ नको."

गाडी गेली. रत्नपाल हसत होता.

"काऊन हासून राहिले? नोकरी गेली ना!"

"तलाव राहिला ना."

"संस्थेले मासोळीचं शिकलेला माणूस पाहिजेच आहे."

"संस्थेले… आणि तुले?"

प्रेमिलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण नजर खाली गेली नाही. "मले पण."

"मी बौद्धाच्या घरचा, प्रेमिला. तुझे बाबा—"

"बाबाले सांगणं माझ्यावर सोडा. तुमचं बोला."

"अवो पोरी, त्याले बोलू तं दे!" म्हातारी देवकाबाई पाण्यातूनच ओरडली.

"तेच तं इचारून राहिली, मावशी!" प्रेमिला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओली, कमरेला पदर खोचलेली. "मान डोलवू नका जी. सगळ्याईसमोर तोंडानं सांगा— राहता का माझ्यासंगं, का नाई?"